उज्जैनच्या मध्यरेषेखाली

दुपारचे बारा वाजून गेले, असे तुमच्या हातातले घड्याळ म्हणते. समोरची सावली म्हणते, अजून अवकाश आहे. उज्जैनच्या वेधशाळेत सम्राट यंत्रापाशी, म्हणजे सूर्यघड्याळापाशी, तुम्ही उभे आहात. दोघांतले खरे कोण, हा वाद घालू नका. दोघेही खरे आहेत. घड्याळ पाळते ती 82.5 अंश रेखांशावरची देशाची वेळ. यंत्र पाळते ती निव्वळ उज्जैनची, सुमारे 27 मिनिटे मागची, त्यातही ऋतूप्रमाणे थोडी कमी-जास्त. एके काळी मात्र सगळ्या भारतवर्षाचा हिशेब याच गावावरून सुरू व्हायचा. लंका, उज्जयिनी, कुरुक्षेत्र आणि मेरू यांना जोडणारी रेषा म्हणजे आपल्या ज्योतिषाची शून्य रेषा.

सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात ही यंत्रे उभी केली. पुढे त्यांची पडझड झाली आणि 1923 मध्ये शिंदे सरकारच्या काळात डागडुजी झाली. गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिर्गणितज्ञाने नंतर इथली धुरा सांभाळली. मराठी माणसाचा या गावातला राबता त्याहूनही जुना; महाकालाचे देऊळ पुन्हा उभे केले ते राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी. तेव्हा इथे परके वाटून घेण्याचे कारण नाही.

सकाळी रामघाटावर तुम्ही संकल्प ऐकलात. गुरुजी यजमानाचे नाव-गोत्र अगदी शेवटी घेतात, आधी काळाचा पत्ता सांगतात. कल्प, मन्वंतर, युग, संवत्सर, मग कुठे तिथी. चालू कल्पाचे नाव श्वेतवाराह, म्हणजे पाण्यात बुडालेली पृथ्वी सुळ्यावर उचलून वर आणणाऱ्या वराहाचा कल्प. एक कल्प 432 कोटी वर्षांचा. भूशास्त्राने मोजलेले पृथ्वीचे वय 454 कोटी. आकडे शेजारी बसले म्हणून लगेच छाती फुगवू नये. एक आकडा ग्रहांच्या फेऱ्यांच्या हिशेबातून आला, दुसरा उल्कापाषाणांतल्या शिशातून. दोघांची कधी गाठभेट झालेली नाही. पण पाण्यातून जमीन वर आली कशी, हा प्रश्न मात्र दोन्हीकडे आहे, आणि तेवढेच बघायला आज तुम्ही निघाला आहात.

प्रवासाचा नियम एकच. अक्षांश-रेखांश धरून मागे जायचे नाही. पायाखालचा खडक धरायचा आणि तो नेईल तिकडे जायचे. श्वासाची काळजी करू नका. जिथे जाताय तिथली हवा तुमच्या कामाची नाही, पण ही सहल कागदावरची आहे, तेवढी सवलत घ्या.

घड्याळ 6 कोटी 60 लाख वर्षे मागे. यंत्र, देऊळ, घाट गेले. समोर क्षितिजापर्यंत थिजत चाललेला लाव्हा, वरून काळी खरपूस साय, भेगांतून लाल उजेड. माळव्याचे पठार घडते आहे. पुण्या-साताऱ्याच्या घाटातला काळा कातळ आणि हा एकाच घराण्यातले. मध्यान्हीची तुमची सावली बघा, ती दक्षिणेला पडली आहे. भारत अजून विषुववृत्ताच्या खाली आहे. ज्या कर्कवृत्ताच्या सान्निध्यावर आणि ज्या मध्यरेषेवर उज्जैनची कीर्ती उभी, ती दोन्ही पहिल्याच पावलाला गळून पडली. म्हणूनच खडक धरा म्हटले.

आता आणखी खाली. काळ्या कातळाखाली काय असते, हे मराठी मुलखाला एका वाईट पहाटेनंतर कळले. 30 सप्टेंबर 1993 ला भूकंपाने किल्लारी हादरली. पुढे तिथे 617 मीटर खोल विंधन घेतले, तेव्हा वरचे 338 मीटर काळा कातळ निघाला, मग आठेक मीटर गाळाचे थर, आणि त्याखाली एकदम फिकट, पट्टेदार, स्फटिकांनी चमचमणारा प्राचीन खडक. कोयनेला हाच तळ सुमारे 930 मीटरवर लागला. म्हणजे आपण ज्याला दख्खनचा दगड म्हणून छातीठोकपणे दाखवतो, ते नुसते पांघरूण आहे. अंथरूण वेगळेच.

माळव्यात पांघरूण आणि अंथरूण यांच्यामध्ये आणखी एक घडी आहे, विंध्य थरांची. उथळ समुद्रात आणि किनाऱ्यांवर साचलेली वाळू, तिचा झालेला तांबूस वालुकाश्म. 1957 मध्ये आगगाडीच्या खिडकीतून असलेच खडक पाहून उज्जैनचे विष्णु श्रीधर वाकणकर खाली उतरले आणि भीमबेटकाची चित्रे जगाला कळली. चित्रांच्या मागची भिंत चित्रांपेक्षा किती जुनी, याचा विचार तिथे जाणारे फारसे करत नाहीत. तुम्हीही आज थांबू नका. ही घडीही उलगडून बाजूला सारा. आता जे उरते ते खंडाचे मूळ शरीर. ते ईशान्येला झाशीकडे उघडे पडते आणि वायव्येला मेवाडात उदयपूरच्या बाजूला. अनेक भूवैज्ञानिक या दोन्हींना एकाच जुन्या भूखंडाची दोन टोके मानतात. मधला भाग माळव्याच्या पांघरुणाखाली झाकलेला आहे आणि त्याच्या वरच तुमची वेधशाळा.

250 कोटी. 300 कोटी. 330 कोटी. खडक अजून हाताला लागतो आहे. 350 कोटी. तो फुटका, विरळ होतो. मग काहीच लागत नाही.

440 कोटी वर्षांपूर्वीच्या या जागी तुम्ही पोचलात आणि नियम मोडला. जो खडक धरून यायचे ठरले होते, तो अजून जन्मलेलाच नाही.

डोळे जरा सरावू द्या. मंगळाएवढ्या एका गोळ्याशी टक्कर झाली, तिच्या मलब्यातून चंद्र झाला आणि पृथ्वी वरून खालपर्यंत वितळली, त्याला फार काळ लोटलेला नाही. चंद्र आजच्यापेक्षा कितीतरी जवळ, आकाशात घमेल्याएवढा. सूर्य मंद, आजच्या पाऊणपट उजेडाचाही नाही. दिवस इतका आखूड की सम्राट यंत्राला आपले आकडे पुन्हा कोरावे लागले असते. शिलारसाचा समुद्र वरून निवला आहे आणि त्यावर काळा पापुद्रा धरला आहे. दुधावर साय धरावी तसा, असे म्हणणार होतो, पण साय तरंगते. हा पापुद्रा थंड झाला की खालच्या रसापेक्षा जड होतो, दुमडतो आणि बुडतो. पुन्हा धरतो, पुन्हा बुडतो. जमीन म्हणावे असे यात काही टिकत नाही.

टिकत नाही म्हणजे, जवळजवळ नाही. वाकून बघा. त्या पापुद्र्यात कुठेतरी मिठाच्या कणाहून बारीक एक स्फटिक आहे, झिरकॉन. ऑस्ट्रेलियाच्या जॅक हिल्स टेकड्यांत अशा एका स्फटिकाचे वय 440 कोटी वर्षे निघाले. ज्या खडकात तो जन्मला तो केव्हाच नष्ट झाला. स्फटिक मात्र झिजून, वाहून, दुसऱ्याच वालुकाश्मात येऊन बसला. ओडिशात केओंझर जिल्ह्यातल्या चंपुआजवळच्या खडकांत 424 कोटी वर्षांपर्यंतचे झिरकॉन मिळाल्याचे 2018 मध्ये जाहीर झाले. झिरकॉन घडताना युरेनियम आत घेतो आणि शिसे बाहेर ठेवतो. मग आतले युरेनियम ठरलेल्या गतीने शिसे होत जाते. म्हणून त्यात आज जे शिसे सापडेल ते सगळे नंतर झालेले. तेवढे मोजले की वय निघते. या युरेनियमचा मुख्य प्रकार निम्मा व्हायला सुमारे 447 कोटी वर्षे लागतात. कल्पाच्या जवळपासचाच आकडा! हाही योगायोगच, पण महाकालाच्या गावी उभे असताना तो मनात आल्याशिवाय राहत नाही.

जॅक हिल्सच्या काही झिरकॉनांतला प्राणवायू तपासला तर त्याच्या जड-हलक्या अणूंचे प्रमाण पाण्याशी संबंध आलेल्या खडकाचे निघते. म्हणजे इतक्या लवकर पृथ्वीवर द्रवरूप पाणी होते. हे पाणी ध्यानात ठेवा. पुढची सगळी गोष्ट त्याच्याभोवती फिरते.

आता पुढच्या दिशेने चला. 403 कोटी वर्षांपूर्वी कॅनडात अकास्टा नदीच्या काठी एक खडक घडला. वयाबद्दल फारसा वाद नसलेल्या अखंड खडकांत तो सर्वांत जुना. तुम्ही मात्र पाण्यावर आहात. सगळीकडे पाणीच आहे. समुद्रात विरघळलेल्या लोखंडामुळे त्याला कदाचित हिरवट झाक असेल. मधूनच एखाद्या ज्वालामुखीचे काळे डोके वर येते, लाटा त्याला चाटत राहतात आणि काही काळाने ते दिसेनासे होते. समुद्राच्या तळाशी बेसाल्टच बेसाल्ट. जातीने तोच, जो परवा माळव्यावर पसरला.

इथे थांबा, कारण खरी पाककृती इथे सुरू होते.

घरी लोणी कढवताना तुम्ही पाहिले असेल. भांड्यात एकच पिवळा गोळा घातलेला असतो. कढत गेला की तूप वर सुटते आणि बेरी तळाला बसते. तूप लोण्यातूनच आले, पण ते लोणी नाही. पुन्हा लोणी करायचे म्हटले तरी होणार नाही. खडकाचेही तसेच. कुठलाही खडक एका ठरावीक तापमानाला एकदम वितळत नाही. त्यातले सोपे घटक आधी सुटतात, हट्टी मागे राहतात. पृथ्वीच्या प्रावरणाचा, म्हणजे कवचाखालच्या जाड थराचा, थोडासा भाग वितळला की बेसाल्ट सुटतो. हे पहिले कढवणे. तो बेसाल्ट पुन्हा खोल जाऊन थोडासा वितळला की त्यातून वेगळाच रस सुटतो, फिकट, वाळूतल्या गारेने आणि फेल्डस्पारने भरलेला, आणि मुख्य म्हणजे हलका. थिजल्यावर त्याला टोनालाइट आणि त्याचे भाऊबंद म्हणतात. हे दुसरे कढवणे. पृथ्वीवरच्या जुन्या खंडांचा मोठा भाग याच घराण्याच्या खडकांचा आहे.

पण कोरडा बेसाल्ट वितळवायला 1100–1200 अंश लागतात. पाणी मुरलेला बेसाल्ट 700–800 अंशांपासूनच पाझरायला लागतो. कढईत नुसता गूळ टाकला तर तो करपतो आणि चमचाभर पाणी घातले की झटकन पाक धरतो, त्याची आठवण होते. उपमा पुरती लागू नाही, गूळ पाण्यात विरघळतो आणि खडकातले पाणी अणूंचे बंध सैल करते, पण स्वयंपाकघरात काम भागते. समुद्रतळाच्या बेसाल्टला पाणी कुठून मिळते ते तुमच्या डोळ्यांसमोर आहे. भेगांतून समुद्र आत मुरतो आणि खडकातल्या खनिजांत पाणी बांधले जाते. समुद्र नसता तर असे खंड झाले नसते. शुक्राकडे बघा. आकार पृथ्वीएवढाच, पण आज तिथे समुद्र नाही, आणि वरचा बहुतेक भाग बेसाल्टचा.

आता 30 ते 50 किलोमीटर खाली उतरा. वरच्या थरांच्या भाराखाली पाणी मुरलेला बेसाल्ट दाबला जातो आहे. पृथ्वी आतून आजच्यापेक्षा कितीतरी तापलेली, कारण युरेनियम, थोरियम, पोटॅशियम यांच्या किरणोत्सारी अणूंचा साठा अजून बराच शिल्लक आहे. रस सुटायला लागतो. तो थेंबाथेंबाने एकत्र येतो, भेगा शोधतो, वर चढतो. खाली काय राहिले? लाल गारनेट आणि काळपट हिरवी खनिजे. ही बेरी. प्रावरणाची घनता सुमारे 3.3, सुटलेल्या हलक्या खडकाची 2.7 च्या घरात, आणि गारनेटने भरलेल्या या बेरीची 3.4 च्या वर. म्हणजे बेरी खालच्या प्रावरणापेक्षाही जड. पुरेशी साचली की ती सुटून खाली बुडते. कितीदा बुडली, केवढ्या लोंबकळत्या गोळ्यांनी, यावर तज्ज्ञ भांडतात. पण बेरी होती हे कसे कळले, याची गंमत मला फार आवडते. इटर्बियमसारखी जड मूलद्रव्ये गारनेट धरून ठेवते. वर आलेल्या टोनालाइटमध्ये ती फारच कमी सापडतात. तुपात काय नाही, त्यावरून भांड्याच्या तळाशी काय राहिले हे ओळखायचे.

वर या. इथे, पाण्याखाली, हलक्या खडकाचे घुमट एकाशेजारी एक वर येत आहेत आणि त्यांच्यामधल्या खाचांत जड काळा कातळ बसकण मारतो आहे. झारखंड-ओडिशातल्या सिंहभूमच्या नकाशावर आजही हे गोल घुमट दिसतात. बुंदेलखंडात, झाशीच्या आसपासच्या पट्ट्यात, याच घराण्याचे सुमारे 330 कोटी आणि त्याहूनही जुने पट्टेदार खडक मिळतात. तुमच्या पायाला आता काहीतरी लागते आहे. पहिल्यांदाच.

पाणी ओसरते आहे का? नाही. खडक वर येतो आहे.

यामागचे कारण समजून घ्यायला एका क्षणापुरते 19व्या शतकात उडी मारा, आणि तीही माळव्यातच, इथून दोनशेएक किलोमीटरवर सिरोंजजवळच्या कल्याणपूरला. एव्हरेस्टच्या महासर्वेक्षणात कल्याणपूर आणि उत्तरेकडचे कलियाना यांच्यातले अंतर दोन पद्धतींनी मोजले. एकदा साखळी-त्रिकोणांनी, एकदा ओळंबा धरून ताऱ्यांवरून. फरक पडला कोनाच्या 5.24 सेकंदांचा, म्हणजे जमिनीवर दीडशेएक मीटर. ओळंबा हिमालयाकडे ओढला गेला असणार, हे उघड होते. पण कलकत्त्याचे प्रॅट यांनी हिमालयाचे ओढणे मोजले तर फरक 15.9 सेकंदांचा यायला हवा होता! डोंगर दिसतो तेवढा ओढत नव्हता. 1855 मध्ये खगोलशास्त्रज्ञ एअरी यांनी आणि 1859 मध्ये प्रॅट यांनी याची दोन वेगवेगळी उत्तरे दिली, आणि दोन्हींचा गाभा एकच: उंच जमिनीखाली हलके द्रव्य असते. एअरींच्या मते डोंगराला खाली मुळे असतात आणि तो प्रावरणावर तरंगतो, रामघाटावरच्या नावेसारखा. नाव जितकी उंच, तितकी पाण्यात खोल.

आता परत या. हलक्या खडकाचा थर जाड होत गेला आणि नाव वर उचलली गेली. 2021 मध्ये प्रियदर्शी चौधुरी आणि सहकाऱ्यांनी सिंहभूमच्या खडकांवरून मांडले की तिथले कवच सुमारे 50 किलोमीटर जाड झाले आणि 330 ते 320 कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या वर आले. त्या वेळी आजच्यासारखी भूपट्टांची टक्कर होण्याची गरज पडली नाही, खालून येणाऱ्या उष्ण लोंढ्यानेच हे काम केले, असे त्यांचे म्हणणे आहे. पुराव्यात नदीचे आणि किनाऱ्याचे वालुकाश्म होते. वाळू म्हणजे झीज, आणि झीज म्हणजे उघडी जमीन. वराहाने पृथ्वी उचलली ती जागा शोधायचीच असेल तर झारखंड-ओडिशाच्या सीमेवर शोधा. सुळा म्हणजे खालून जाडावत गेलेला टोनालाइट.

माळव्याखालचा खंड तेव्हा पाण्याबाहेर होता की आत, यावर मी तुम्हाला पैज लावायला सांगणार नाही. पण तुमच्या पायाखाली खडक आहे, एवढे नक्की. वर पाहिलेत तर कदाचित नारिंगी धुके. हवेत प्राणवायू नाही. तो यायला अजून ऐंशीएक कोटी वर्षे आहेत. कुठे हिरवे पान नाही. पाऊस पडतो आणि उघड्या खडकावरून थेट वाहून जातो.

250 कोटी वर्षांपूर्वीचे झाशी. इथे तिसरे कढवणे चालू आहे. या वेळी भांड्यात बेसाल्ट नाही, आधी झालेला टोनालाइटच पुन्हा वितळतो आहे, कवचाच्या आतल्या आत. रसात पोटॅशियम वाढत जाते, रंग गुलाबी होतो आणि खरा ग्रॅनाइट वर येतो. सुमारे 257 ते 249 कोटी वर्षांच्या दरम्यान बुंदेलखंडभर हा ग्रॅनाइट ओतला गेला. त्याच्याच एका टेकडीवर पुढे ओरछाच्या बीरसिंगदेवाने किल्ला बांधला आणि त्याच किल्ल्यात नेवाळकरांची झाशी 1858 मध्ये लढली. तोफांच्या माऱ्यातही त्या तटाखालचा खडक का हलला नाही, याचे अर्धे उत्तर इथे आहे.

उरलेले अर्धे उत्तर असे, की ग्रॅनाइट वर जाताना युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम आपल्याबरोबर वर घेऊन गेला. म्हणजे खंडाची शेगडी तळाशी होती ती गच्चीवर आली आणि तिची उष्णता आकाशात निघून जाऊ लागली. तळ निवला, कोरडा झाला, ताठ झाला. असा खंड पुढे वितळत नाही, वाकत नाही, बुडत नाही. समुद्रतळाचा खडक आज 20 कोटी वर्षांहून जुना क्वचितच सापडतो, कारण तो सतत खाली जातो आणि नवा होतो. खंड मात्र मागे उरतो, केवळ हलका आहे म्हणून.

आज आहे तेवढा खंडांचा साठा पृथ्वीने कधी जमवला, यावर मात्र एकमत नाही. भूवैज्ञानिक आर. एल. आर्मस्ट्राँग म्हणत, की तो फार लवकर जमला आणि तेव्हापासून जेवढा नवा होतो तेवढाच जुना प्रावरणात परत जातो. दुसऱ्या टोकाला हळूहळू, टप्प्याटप्प्याने वाढ मानणारे. झिरकॉनांच्या एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज असा, की आजच्या घनफळाचा सुमारे 65 टक्के भाग 300 कोटी वर्षांपूर्वीच झाला होता. मला विचाराल तर भांडण किती लोणी निघाले याचे नाहीच, किती परत ताकात पडले याचे आहे. आणि ताकात पडलेले कोणी मोजायचे? पुढे भूपट्ट आजच्यासारखे सरकू लागले, एक दुसऱ्याखाली जाऊ लागला, बेटांच्या माळा खंडांना येऊन चिकटत गेल्या. वाढीची तीही एक तऱ्हा.

वाटेत 198 कोटींवर एकदा पाय टेका. बुंदेलखंडाच्या ग्रॅनाइटला तडे पडले आणि त्यांत काळा बेसाल्टी रस भरला. त्या काळ्या भिंती आजही झाशीच्या बाजूला ग्रॅनाइट कापत गेलेल्या दिसतात. परंपरेच्या हिशेबात चालू कल्पाची सुमारे 197 कोटी वर्षे सरली आहेत. गुरुजींच्या घड्याळाने कल्प सुरू झाला तेव्हा जमीन उचलून झालेली होती, एवढेच म्हणता येईल. वराहाला यायला जरा उशीर झाला.

मग विंध्य समुद्राची वाळू. मग पुन्हा तो लाव्हा, 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा, आणि आता त्याच्याकडे तुम्ही वेगळ्या नजरेने बघता. उज्जैनच्या उतरंडीत सर्वांत वरचा मोठा खडक वयाने सर्वांत तरुण आणि जातीने सर्वांत जुना. ज्या काळ्या लोण्यातून खंडाचे तूप झाले, तेच लोणी पुन्हा एकदा तुपावर ओतले गेले. खालचा फिकट खडक त्याच्याच पूर्वजाचा वंशज, आणि त्याच्याच भाराखाली झाकलेला.

तुम्ही परत आलात. संध्याकाळ झाली आहे, रामघाटावर दिवे लागले आहेत. क्षिप्रेच्या पाण्यात 2014 पासून नर्मदेचे पाणीही पंपाने चढवून सोडतात, त्यामुळे पात्र बरे भरलेले आहे. पायरीशी काळा चिखल साचला आहे, माळव्याच्या कातळाची झीज. क्षिप्रा उत्तरेला जाऊन चंबळेला मिळते, चंबळ यमुनेला, यमुना गंगेला. हा चिखल थोडाथोडा करून बंगालच्या उपसागरात पोचतो. त्याच उपसागराचा तळ पूर्वेकडे अंदमानाखाली बुडतो आहे, पाणी मुरलेल्या बेसाल्टसकट, आणि वर थोडाफार गाळ घेऊन. त्या पाण्याने वरच्या प्रावरणाला पाझर फुटतो आणि बॅरन बेटाचा ज्वालामुखी 1991 पासून पुन्हा अधूनमधून धुमसतो आहे.

शेजारी गुरुजी कुणाचा तरी संकल्प सांगत आहेत. श्वेतवाराहकल्पापासून सुरुवात. यजमान हातावरून पाणी सोडतो. तुम्ही बोटांना लागलेला चिखल त्याच धारेत धुता आणि तो पायरीवरून उतरून उत्तरेकडे निघतो.